चाकामागचं लोखंड

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौसाळा मागे टाकून मांजरसुंब्याला येतो. जुने ड्रायव्हर त्याला अजून २११च म्हणतात. जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. त्या चौकात हॉटेलं, टायरवाले, पंक्चरवाले आणि रात्रभर जागी असलेली चहाची टपरी. बीडच्या दिशेने निघालं की बालाघाटाचं पठार संपतं आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. खाली पाली, बिंदुसरेचं धरण, मग बीड शहर. घाट चढून आलेली गाडी क्लचचा वास घेऊन चौकात येते. उतरलेलीचा वास पालीत सुटतो आणि तो ब्रेकचा असतो.

या दोन वासांवर पोट भरणारं एक गॅरेज चौकाजवळ आहे. ते चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकं नुसतं ‘मेस्त्री’ म्हणतात. पोरवयात ते ट्रकच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागले तेव्हा ब्रेक म्हणजे ड्रम. शूवरचं झिजलेलं लायनर छिन्नीने उडवायचं, नवं रिव्हेट ठोकून बसवायचं आणि ड्रममध्ये साठलेली काळी धूळ तोंडाने फुंकायची. त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं हे तेव्हा पोरांना कुणी सांगत नसे. दिवाळी झाली की ऊसतोड्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघत. संसार, बैलांचा चारा आणि पोरंबाळं लादलेले ट्रक त्याआधी ब्रेक करून घ्यायला येत. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, तेव्हाही अशीच झुंबड.

त्या दिवसांत मेस्त्री एक गोष्ट शिकले, आणि पुढे डिस्क आल्या तरी ती बदलली नाही. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारं यंत्र. ती उष्णता कुठे साठते आणि कुठून निघून जाते, एवढं कळलं की अर्धं काम झालं. ड्रम तापला की पसरतो, शूपासून लांब जातो आणि पॅडल खोल जायला लागतं. डिस्क तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडकडेच सरकते. शिवाय ती वाऱ्याला उघडी असते. गाड्यांच्या पुढच्या चाकांवरून ड्रम गेला त्यामागे ही साधी कारणं आहेत.

गेल्या काही वर्षांत गॅरेजात नवं गिऱ्हाईक यायला लागलं आहे. केज, बीड, अंबाजोगाईची तरुण पोरं. घरचं खतांचं दुकान किंवा कंत्राटदारी, हातात टर्बो पेट्रोलची हॅचबॅक, पुण्यात जाऊन इंजिनाच्या संगणकाचं रीमॅप केलेलं. ताकद वाढली की कुणीतरी सांगतं, आता ब्रेक कर. मग पोरगा फोनवर रात्र जागवतो आणि भोकांच्या, खाचांच्या, चकाकणाऱ्या डिस्क बघतो. त्यातला ‘लाइटवेट’ हा शब्द त्याच्या डोक्यात बसतो.

असाच एक केजचा तरुण खोकं घेऊन आला. आत पुढच्या चाकांच्या दोन डिस्क. मूळ डिस्कपेक्षा पातळ, भोकं पाडलेल्या, एकाच तुकड्यात ओतलेल्या.

“मेस्त्री, वजन बघा. हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो,” तो म्हणाला.

मेस्त्रींनी डिस्क हातात घेतली, काठ पाहिला, परत खोक्यात ठेवली. “वजन कमी करायचंय ना मालक? मग डिकीतला त्यो गाण्याचा डबा काढा आदी.”

सबवूफरचा तो डबा पंधरा-वीस किलोचा असतो. पोरगा हसला, पण त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. चाक, टायर, हब, डिस्क, कॅलिपर ही मंडळी स्प्रिंगच्या खाली असतात. तिथलं वजन कमी झालं की खड्ड्यावरून चाक लवकर खाली येऊन रस्ता धरतं. फिरणाऱ्या भागाचं वजन तर दोनदा मोजावं लागतं, एकदा गाडीबरोबर पुढे ढकलायला आणि एकदा गोल फिरवायला. रेसिंगवाले चाकामागच्या ग्रॅमा-ग्रॅमासाठी भांडतात ते उगाच नाही.

फक्त हा हिशेब शेवटपर्यंत करायला हवा, आणि तो करणारा त्या दिवशी गॅरेजात हजर होता. मेस्त्रींचा भाचा पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. फॉर्म्युला स्टुडंट ही विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिथल्या संघात त्याच्याकडे ब्रेकचं काम आहे. सुटीत तो मामाच्या गॅरेजात पाने उचलतो आणि अधूनमधून मामाला वहीत गणित करून दाखवतो. मामा चष्मा लावून ते बघतात आणि पटलं नाही तर तसं सांगतात.

भाच्याने आधी फिरण्याचा हिशेब मांडला. एखादी वस्तू फिरवायला लागणारा जोर तिच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. टायरचा बाहेरचा पट्टा केंद्रापासून साधारण तीस सेंटिमीटरवर, तर छोट्या गाडीच्या डिस्कचं बहुतेक वजन दहा-बारा सेंटिमीटरवर. म्हणजे फिरवण्यापुरतं बोलायचं तर डिस्कवरून काढलेला एक किलो हा टायरवरून काढलेल्या किलोच्या सहाव्या ते नवव्या हिश्शाएवढाच कामाचा. हलकं रिम आणि हलका टायर घेतला तर गाडीला जो फरक पडतो, तो डिस्कने पडायला फारच मोठी कात्री चालवावी लागेल. मासिकांत आणि जाहिरातींत हे वाक्य सहसा सापडत नाही.

मग भोकांचा. सहा मिलिमीटरचं एक भोक, हवेशीर डिस्कच्या दोन्ही पाट्यांतून आरपार, दोन्ही मिळून चौदा मिलिमीटर जाडी धरली तर त्यातून जेमतेम तीन ग्रॅम ओतीव लोखंड निघतं. चाळीस भोकं पाडली तर सुमारे ११५ ग्रॅम. अर्धपावही भरत नाही.

भोकांचा उगम वेगळाच आहे. जुन्या काळचे पॅड तापले की वायू सोडत, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकून पकड कमी करी. त्याला वाट मिळावी म्हणून भोकं आणि खाचा आल्या. आजच्या पॅडमध्ये तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे. पावसात पाण्याचा थर फुटायला आणि पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवायला त्यांचा उपयोग होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक भोकाच्या काठाशी ताण गोळा होतो. डिस्क तापते, गार होते, पुन्हा तापते आणि भोकाच्या काठातून केसाएवढी चीर निघते.

मेस्त्रींच्या गॅरेजात भिंतीवर अशी एक डिस्क खिळ्याला अडकवलेली आहे. एका हौशी गिऱ्हाइकाने कंपनीची चांगली डिस्क ड्रिल मशीनवर नेऊन तिला स्वतःच्या नक्षीने भोकं पाडून घेतली होती. काही महिन्यांनी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं म्हणून तो आला, तेव्हा दोन भोकांच्या मधली चीर नखाला लागत होती. ती डिस्क मेस्त्रींनी परत दिली नाही. नवं गिऱ्हाईक भोकांचं नाव काढतं तेव्हा ते काही न बोलता भिंतीकडे बोट करतात. केजच्या तरुणालाही तेच दाखवलं.

पण त्याच्या खोक्यातल्या डिस्कचा खरा दोष भोकांत नव्हता, पातळपणात होता. इथे भाच्याने वहीचं दुसरं पान उघडलं.

माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढची चाकं करतात. म्हणजे एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला सुमारे १६० किलोज्यूल. डिस्क पाच किलोची असेल तर त्या एका ब्रेकने ती ६५ ते ७० अंशांनी तापते. साडेतीन किलोची असेल तर ९५ च्या आसपास. एकदा थांबलं तर दोन्ही चालतात. लागोपाठ पाच वेळा, मध्ये गार व्हायला वेळ न देता थांबवलं, तर पातळ डिस्क चारशे-पाचशे अंशांच्या प्रदेशात शिरते आणि जाड डिस्क तिच्या बरीच मागे राहते.

“आन् घाटाचं?” मामांनी विचारलं. भाच्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता, कारण त्याच्या संघाच्या ट्रॅकवर घाट नसतो.

त्याने तोही मांडला. तीच गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आणली तर जवळजवळ बाराशे किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ९० वरून गाडी तीन वेळा पूर्ण थांबवण्याएवढं हे काम. रस्ता वीस मीटरला एक मीटर उतरत असेल तर दोन किलोमीटरांत १०० मीटर उतरतात. ताशी ४० ने त्याला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत सरासरी साडेसहा किलोवॅट उष्णता तयार होत राहते, न्हाणीघरातले तीन मोठे गिझर एकदम चालू ठेवल्यासारखी. वारा आणि टायर त्यातला थोडा वाटा उचलतात. खालच्या गिअरमध्ये असाल तर इंजिन मोठा वाटा उचलतं. न्यूट्रल केलं की इंजिनाने हात वर केले. उरलेलं सगळं चाकामागच्या लोखंडावर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे ड्रायव्हर मेस्त्रींनी खूप बघितले आहेत. त्यांच्या काळ्यानिळ्या ड्रमनीच मेस्त्रींचं घर बांधलं, असं ते स्वतःच सांगतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो मामांनीच काढला. डिस्क जाड असली म्हणजे ती कायम गार राहील असं नाही. उतार लांबच लांब असेल तर शेवटी तापमान ठरवतो तो वारा. आतल्या पाकळ्यांतून हवा किती खेळते, चाक किती उघडं आहे, गाडी किती वेगात आहे, यावर ते अवलंबून. वजनाने फक्त वेळ मिळतो. “पण वेळच पायजे असतो की,” मामा म्हणाले. “वळण आलंच नसतं तर ब्रेक कशाला लागला असता?”

आणि डिस्क तापली म्हणजे नुसती डिस्क तापत नाही. उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला लागते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल २३० अंशांच्या आत उकळायचं नाही असा दंडक आहे. तेच ऑइल हवेतली ओल पीत जातं आणि ठरावीक पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल फळीला टेकतं. घाटात ब्रेक ‘फेल’ झाला म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्यांत काहीच तुटलेलं नसतं. गाडी थंड झाली की ब्रेक परत लागतो आणि ड्रायव्हर म्हणतो, आता तर बरोबर आहे. मेस्त्री अशा गाडीचं ऑइल काढून काचेच्या ग्लासात धरतात. चहासारखा रंग दिसला की पुढचं बोलायची गरज पडत नाही.

हलकी डिस्क वाईटच असते का, तर नाही. भाच्याच्या संघाच्या गाडीवर जी डिस्क आहे ती मामांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना ती मोटरसायकलची वाटली. मार्टेन्सिटिक स्टेनलेस स्टीलचा चार मिलिमीटरचा पत्रा, लेझरवर कापलेला, मधला बराच भाग कोरून काढलेला. पोरांची गाडी चालकाशिवाय अडीचशे किलोच्या आसपास. चालक बसला की ३२०. त्यांचा ट्रॅक इतका वळणांचा की बहुतेक ब्रेक ताशी साठ-सत्तरच्या आतले. ताशी ६० ला त्या गाडीत जेमतेम ४५ किलोज्यूल ऊर्जा असते, मघाच्या हॅचबॅकच्या दहाव्या हिश्शाहून कमी. तिथे पाच किलोची ओतीव डिस्क लावणं म्हणजे वजन वाहायला गाडी बांधणं.

या स्पर्धांत महाराष्ट्रातली पोरं भरपूर असतात. आयआयटी मुंबईचा संघ आपली विजेवरची गाडी घेऊन इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला जाऊन आला आहे. देशात कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते. गाडी स्पर्धेत उतरण्याआधी ब्रेकची परीक्षा असते: वेग घेऊन जोरात ब्रेक मारायचा, चारही चाकं जागीच थबकली पाहिजेत आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली पाहिजे. एक चाक जरी फिरत राहिलं तरी पुन्हा रांगेत. वर्षभर रात्री जागून बांधलेली गाडी या परीक्षेत अडकून मैदानाच्या कडेला उभी राहते, आणि पोरं ब्रेकची समतोल-पट्टी अर्धा-अर्धा आटा फिरवत बसतात. ती पार पडली की मग शेवटची २२ किलोमीटरची सहनशक्तीची शर्यत. भाचा सांगतो, त्यांच्या संघाने डिस्कवर तापमानाने रंग बदलणारं रसायन लावून पाहिलं आणि मगच पत्र्यात आणखी कोरीव काम करायचं की नाही ते ठरवलं. आधी उष्णता मोजली, मग वजन काढलं. मामांना सगळ्यात जास्त हेच आवडलं.

त्यांचं स्वतःचं तापमान मोजण्याचं तंत्र नाक आणि रंग. डिस्कच्या कडेला निळसर झाक आली की ती तीनशेच्या घरात जाऊन आली असं ते धरतात, आणि पोलादाचा रंग तापमानाप्रमाणे बदलतो हे पुस्तकही सांगतं. भाच्याने लेझर थर्मामीटर आणला तेव्हा गंमत झाली. पॅड घासून चकचकीत झालेल्या भागावर तो रोखला तर आकडा फारच कमी येई. चकचकीत धातू आपली उष्णता किरणांतून कमी सोडतो, त्यामुळे यंत्र फसतं. डिस्कच्या गंजलेल्या काठावर रोखलं की आकडा ठिकाणावर येतो.

जगातल्या मोठ्या कंपन्याही वजन आणि उष्णतेच्या याच प्रश्नावर अडखळल्या आहेत. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तांब्याच्या पट्ट्या लावलेला तो ब्रेक एवढा किंचाळे की लोकांनी तो बाजूला ठेवला. १९५३ मध्ये जग्वारची सी-टाइप डनलॉपच्या डिस्क घालून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि ड्रमचे दिवस भरले. वजनाचा ध्यास पुढचा. १९९६ ची पहिली लोटस एलिस ही सव्वासातशे किलोच्या आसपासची गाडी. तिला सिरॅमिकचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या डिस्क होत्या. ॲल्युमिनियमची घनता ओतीव लोखंडाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी, आणि किलोमागे उष्णता मात्र जवळजवळ दुप्पट साठते. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं? पण शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. गाडी इतकी हलकी होती म्हणूनच ते निभलं. पुढे लोटसनेही त्या गाडीला ओतीव लोखंडाच्याच डिस्क बसवल्या.

पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या. लोखंडी डिस्कच्या निम्म्या वजनाच्या, आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या. केजच्या तरुणाच्या फोनवर त्यांचाही फोटो होता. किंमत लाखांत, आणि छोट्या हॅचबॅकच्या मापात त्या कुणी करतही नाही. फॉर्म्युला वनमधल्या कार्बन डिस्क तर थंड असताना नीट पकडतच नाहीत. सकाळी दूध आणायला निघालेल्या गाडीला त्यांचा काय उपयोग?

ओतीव लोखंड टिकून आहे ते मागासलेपणामुळे नाही. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चटकन पसरते आणि थरथर शोषली जाते. झिजलं तर मोजता येतं, बदलता येतं. शिवाय ते इथेच बनतं. गाड्यांचे ओतीव भाग बनवणाऱ्या फाउंड्र्या कोल्हापूरच्या शिरोलीत आहेत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत कल्याणी ब्रेक्स उभी राहिली. ज्या लाल कॅलिपरसाठी पोरं जीव टाकतात त्या ब्रेम्बोचा कारखाना पुण्याजवळ आहे, आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकवर त्याच घरातले ‘बायब्रे’ ब्रेक असतात. बाहेरून मागवलेलं तेच चांगलं, हा समज मेस्त्रींना मान्य नाही. बाजारात हुबेहूब खोक्यांत नकली माल भरपूर फिरतो आणि तो बहुतेक ‘इम्पोर्टेड’ म्हणूनच विकला जातो.

मग केजच्या गाडीचं काय करायचं? तरुणाला वर्षातून एखाद-दोन वेळा कोइम्बतूरला ट्रॅकवर जायचं होतं, आणि एरवी रोज याच घाटातून बीडला ये-जा. दोन्ही ठिकाणी चालेल असं वजन कुठून काढायचं, हा खरा प्रश्न.

डिस्कचे दोन भाग असतात. बाहेरचं कडं, ज्याला पॅड चिमटतात, आणि मधली टोपी, जी हबवर बसते. उष्णता कडं झेलतं. टोपीचं काम फक्त जोर पोचवण्याचं. मेस्त्रींचं म्हणणं पडलं की कड्याला हात लावायचा नाही. व्यास तोच, जाडी तीच, पाकळ्या तशाच. टोपी तेवढी ॲल्युमिनियमची घ्यायची. अशा दोन भागांच्या डिस्क मिळतात, पण त्यात एक मेख आहे. ॲल्युमिनियम तापलं की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. दोन्ही घट्ट आवळले तर एकमेकांना वाकवतील. म्हणून चांगल्या डिस्कमध्ये कडं टोपीवर खुंट्यांनी किंचित सैल धरलेलं असतं. मोटरसायकलच्या बऱ्याच डिस्क अशाच तरंगत्या असतात. तोटा असा की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या फटीत जाऊन बसतो आणि खराब रस्त्यावर खडखड ऐकू येते. ट्रॅकवरच्या माणसाला ती ऐकू येत नाही. केजच्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या आईला येते.

तरुणाने पातळ डिस्क परत पाठवल्या आणि काही दिवसांनी दोन भागांच्या घेऊन आला. शेजारच्या भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जुनी आणि नवी दोन्ही ठेवून पाहिल्या. फरक एका किलोच्या आतच होता. त्याचा चेहरा पडला.

“एवढ्यासाठी एवढे पैसे?”

“मामा, खरं सांगू का त्यांना?” भाच्याने विचारलं.

“सांग की. त्येच ऐकाय आलेत ते.”

“ट्रॅकवर तुम्हाला फरक पडेल तो पॅड आणि ऑइलने. डिस्कने नाही. खरं वजन काढायचं असेल तर रिम बदला.”

काम मात्र मन लावून झालं. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, कारण त्या गंजाचा पापुद्रा डिस्कखाली राहिला तर ती वाकडी फिरते. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून डिस्कची डगमग मोजली. काठावर कोरलेली किमान जाडी वहीत लिहून घेतली. ऑइल सगळं काढून नवं डॉट ४ भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. मग पालीपुढच्या मोकळ्या रस्त्यावर पॅड डिस्कवर घासून बसवले. साठवरून दहापर्यंत ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, आणि मध्ये कुठेही गाडी पूर्ण उभी करायची नाही. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. ‘डिस्क वाकली’ म्हणून लेथवाल्याकडे जाणाऱ्या कित्येक डिस्क वाकलेल्या नसतातच, असा थर चढलेल्या असतात. घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरवर चाकांत पाण्याचा फवारा मारणाऱ्यांच्या डिस्क मात्र खरोखर जातात.

कायद्याचा विषयही निघाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करायला मनाई करतं. व्यास, जाडी, कॅलिपर काहीच न बदलण्यामागे मेस्त्रींचा हाही विचार होता. पुढे मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर बसवला की पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो, आणि एबीएस कंपनीने मूळ मापावर बेतलेलं असतं. एवढं करून अपघात झाला तर विमावाले आधी चाकामागे बघतात.

तरुण कोइम्बतूरला जाऊन आला. कारीचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, पण सरळ रस्ता संपला की ब्रेकची कसोटी. परत आला तेव्हा पुढचे पॅड निम्म्याहून खाली आले होते, कडं निळसर झालं होतं, चीर कुठे नव्हती. पॅडल शेवटपर्यंत कडक राहिलं, असं तो म्हणाला. मेस्त्रींनी व्हर्नियरने कड्याची जाडी मोजून वहीत जुन्या आकड्याखाली लिहिली. ट्रॅकसाठी घातलेले खास पॅड काढून रोजच्या रस्त्याचे बसवले, कारण ट्रॅकचे पॅड सकाळच्या थंडीत पहिल्या दोन-तीन ब्रेकला दगडासारखे वागतात. पुढच्या महिन्यात त्याने हलकी रिमं घेतली, आणि तिथे मात्र काट्यावर दर चाकाला अडीच किलोंचा फरक दिसला. गाण्याचा डबा अजून डिकीतच आहे.

मेस्त्रींच्या हिशेबाने हलकी डिस्क घ्यायला हरकत नाही, पण ती घेताना दुकानदाराला वजन विचारण्याआधी कड्याचा व्यास आणि जाडी विचारावी, तोलून घ्यावी ती टोपी. कड्यातून वजन काढलेली पातळ डिस्क छोट्या ट्रॅकवरच्या अडीचशे किलोच्या गाडीची. मांजरसुंब्याच्या घाटात ती नको. आणि यातलं काहीच घ्यायचं नसेल तरी दोन वर्षांहून जुनं ब्रेक ऑइल घाट उतरायच्या आधी बदलून घ्या. एकदा गाडीची टाकी भरायला जेवढे पैसे लागतात त्याहून ते स्वस्त पडतं.